वाघाचं माप

आक्कांकडे दोन कात्र्या आहेत, एक हातात आणि एक तोंडात, असं त्या रस्त्यावरची माणसं म्हणायची. आक्कांना ते मनापासून मान्य होतं. जिन्याखालच्या त्यांच्या दुकानात एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि एक स्टूल एवढंच मावायचं. चौथी वस्तू आणायची तर आधी आक्कांनाच बाहेर यावं लागलं असतं. नवे कपडे शिवण्यापेक्षा जुने सुधारण्याचं काम जास्त. झिप बदलायची, बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करून द्यायची. समोरचा औषधांच्या दुकानाचा मालक दरवर्षी तीच पँट घेऊन यायचा आणि दरवर्षी म्हणायचा, "आक्का, कापड आटलंय बघा."

"कापडाला कशाला बोल लावता?" त्याच्या कमरेभोवती टेप फिरवत आक्का म्हणायच्या. "ते बिचारं होतं तिथंच आहे. तुम्हीच पसरलात."

तो हसायचा, बाहेरच्या बाकावर थांबलेले दोघंतिघं हसायचे. कपडा नुसता सैल करून घ्यायला लोक दुसरीकडेही जाऊ शकले असते, पण बोलणं ऐकायला इथंच यावं लागायचं. कुणी भाव खाऊ लागलं, की "नाकानं कांदे सोलू नका". कुणी कपडे शिवून घेऊन तोंड दाखवेनासं झालं, की "गेला हातावर तुरी देऊन". म्हण, टोमणा, कोटी हे सगळं त्यांच्या जिभेवर कसं तयार असायचं. शोधावं लागायचं नाही.

आक्कांचे यजमान, ज्यांना सगळे काका म्हणत, ते बरोबर उलटे. एका सरकारी इमारतीत लिफ्टमन म्हणून त्यांनी नोकरी काढली आणि त्या सगळ्या वर्षांत "कितवा मजला?" याखेरीज ते फारसं काही बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर तर तेही विचारायची गरज उरली नाही. "आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आणि ऐकायचं यांच्याकडे," आक्का म्हणायच्या. मुलगी एकच. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, तिथंच नोकरी करत होती.

एके दिवशी सकाळी आक्का कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत होत्या. उजवा हात कापड पुढे सरकवत होता, डाव्या हातानं ते धरून ठेवायचं होतं. डाव्या हातानं ते सोडून दिलं. आक्कांनी पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. त्यांनी हाताकडे पाहिलं तर तो मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला. औषधवाल्याचं सहज लक्ष गेलं, त्यानं आक्कांचा एका बाजूला ओढलेला चेहरा पाहिला आणि तो रस्ता ओलांडून धावत आला. त्याच्याच गाडीतून आक्का दवाखान्यात पोचल्या. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली होती.

आक्का वाचल्या. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता, पण हळूहळू दोन्हींत जीव येऊ लागला. मुख्य म्हणजे बोलणं शाबूत होतं. सगळे शब्द जागच्या जागी, उच्चार स्वच्छ. मुलगी धावून आली होती. आईला खणखणीत आवाजात पाणी मागताना ऐकून ती रडायलाच लागली. म्हणाली, "आई, आता माझा जीव भांड्यात पडला."

"कुठल्या भांड्यात?" आक्कांनी विचारलं.

नर्ससुद्धा खळखळून हसली. आक्कांच्या तोंडातली कात्री अजून धारदार आहे, अशीच सगळ्यांची समजूत झाली. एकटे काका हसले नाहीत. त्यांनी पाहिलं, आक्का चादरीखाली हात घालून भांडं शोधत होत्या.

घरी आल्यावर शेजारीण भेटायला आली. जाताना दारातून काकांना म्हणाली, "आता हिला डोळ्यांत तेल घालून जपायचं हं." दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला चोळायला काका तेलाची वाटी घेऊन आले, तर आक्कांनी दोन्ही डोळे उजव्या हातानं घट्ट झाकून घेतले. "नको," त्या म्हणाल्या, "झोंबेल." काका वाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले. ही थट्टा नव्हती. बायको खरोखर घाबरली होती, आणि आयुष्यभर तिच्या जिभेवर नाचलेले शब्द आता तिला घाबरवत होते, हे त्यांच्या लक्षात आलं.

आक्कांना आतून काय होत होतं? त्यांना वाटे, लोकच बिघडले आहेत. भलतंसलतं बोलतात. औषधवाला आला आणि "तुमच्याशिवाय रस्ता ओस पडलाय" म्हणाला. आक्कांनी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर माणसंच माणसं. खोटं कशाला बोलायचं? बोलण्यातलं कौतुक आणि चेष्टा दोन्ही त्यांना एकाच आवाजात ऐकू यायला लागली होती, आणि तो आवाज सपाट होता. लोक हसले की त्या काकांच्या तोंडाकडे बघत. हळूहळू त्या बोलेनाशा झाल्या. त्या घरात दोन लिफ्टमन राहू लागले.

याच दिवसांत मुलीचा फोन आला. काका भाजी आणायला गेले होते. मुलगी म्हणाली, "आई, माझं घर मोडलं गं."

आक्कांनी विचार केला. मुलगी भाड्याच्या घरात राहते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मग मालकाला सांग," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती त्यानंच करायची असते."

पलीकडून "बरं, आई," आणि फोन बंद. आक्कांना वाटलं, चांगला सल्ला दिला. त्यानंतर मुलीचे फोन येत राहिले, पण काकांसाठीच आणि दोन वाक्यांचे. कशी आहे आई? बरी आहे. ठेवते.

काकांनी दवाखान्यात जाऊन तेलाच्या वाटीची गोष्ट सांगितली. एवढं मोठं वाक्य ते पहिल्यांदाच परक्या माणसासमोर बोलले असतील. डॉक्टरांनी त्यांना तळमजल्यावरच्या एका खोलीत पाठवलं. तिथं एक तरुण स्पीच थेरपिस्ट बसायची. टेबलावर चित्रांची कार्डं, भिंतीला एक आरसा, खिडकीत तिचा डबा. आक्कांनी पहिल्याच भेटीत तिचं नाव बोलकीबाई ठेवून टाकलं, कारण बोलायला शिकवणारी बाई ती बोलकीच असणार. यात गमतीचा काही भाग नव्हता.

बोलकीबाईनं काकांना समजावलं. डावा मेंदू शब्द सांभाळतो, तो ठीक आहे. पण शब्दांच्या पोटात काय आहे, बोलणाऱ्याचा सूर कसला आहे, तो थट्टा करतोय की रडतोय, हे ओळखायला उजव्याची मदत लागते. तिथंच घाव बसलाय. "पुन्हा येईल?" काकांनी विचारलं. "पुष्कळसं," ती म्हणाली. "पण वाट बदलेल. आधी ज्या वाटेनं यायचं, ती बंद झालीय. दुसरी शोधावी लागेल."

कार्डांनी सुरुवात झाली. "पोटात कावळे ओरडणे." एका चित्रात भुकेला माणूस ताटावर बसलेला, दुसऱ्यात माणसाच्या पोटात दोन कावळे. आक्कांनी न चुकता कावळे निवडले. "हे वाक्यात आहेत," त्यांनी बोट दाखवलं, "भूक कुठं आहे?" वाद घालायला जागा नव्हती. बोलकीबाईनं अर्थ सांगितले, आक्कांनी ते पाठ केले. कावळे म्हणजे भूक. भांडं म्हणजे सुटका. तेल म्हणजे काळजी. पण पाठ केलेलं आठवणीच्या खुंटीवर लटकून राहायचं. नवं वाक्य आलं, की पुन्हा सगळं कोरं. एकदा त्यांनी कार्डं टेबलावरून ढकलून दिली. "माझंच होतं हे," त्या म्हणाल्या, आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा रडल्या. बोलकीबाईनं खाली बसून कार्डं गोळा केली, पण पुन्हा टेबलावर मांडली नाहीत. खोक्यात टाकून खोकं कपाटावर ठेवलं.

पुढच्या वेळी तिनं एका गोष्टीतला छोटा उतारा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं : त्या घरातला म्हातारा वाघ होता.

"घरात वाघ?" आक्का म्हणाल्या. "आणि कुणी काही केलं नाही?"

बोलकीबाईनं पुस्तक मिटलं. "आक्का, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक नवा शर्ट शिवायला येतं, तेव्हा माप कसं घेता?"

"टेपनं. नाहीतर अंगाला नीट बसलेला जुना शर्ट आणतात. याच मापाचा शिवा म्हणतात."

"मग त्या नव्या शर्टात जुना शर्ट असतो?"

"छे! जुना त्यांना परत देते. नव्याला नुसतं जुन्याचं माप लागलेलं असतं. तेही सगळं नाही हो. खांदा घेते, छाती घेते. डाग पडलेला असला तर डाग कशाला घेऊ?"

"बरं. मग या म्हाताऱ्यात वाघ आहे?"

खिडकीबाहेर कुणीतरी व्हीलचेअर ढकलत नेत होतं. आक्कांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत होता, सुताचा पोत पाहताना घासायचा तसा. "नाही," त्या हळूहळू म्हणाल्या. "वाघ परत दिलाय. वाघाचं माप घेतलंय."

"कुठलं माप? पट्टे? शेपूट?"

"शेपूट काय करायची?" आक्का चिडल्या. मग थांबल्या. "वचक. घरातली माणसं त्याला वचकून असणार. वचकाचं माप घेतलंय."

बोलकीबाईनं टाळी वाजवली नाही, शाबासकी दिली नाही. ती उठून आरशाकडे तोंड करून उभी राहिली आणि डोळे पुसून आली. आक्कांना ते आरशात दिसलं. का ते त्यांना कळलं नाही, पण घरी जाताना त्यांनी काकांना विचारलं, "ती बाई चांगल्यासाठी रडली का वाईटासाठी?" "चांगल्यासाठी," काका म्हणाले. "मग ठीक," आक्का म्हणाल्या.

घरी सराव काकांकडे आला. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक म्हण वापरली नव्हती, तो माणूस रोज सकाळी दाढी करताना वाक्प्रचार घोकू लागला आणि दिवसभर मिळेल तिथं ठोकून देऊ लागला. चहा सांडला, की "माझ्या नाकी नऊ आले". दार लागलं नाही, की "हे दार मला पाण्यात पाहतं". निम्मे चुकीच्या जागी बसायचे, पण आक्का प्रत्येक वेळी काम थांबवून, कुठलं माप घेतलंय ते शोधत. कधी सापडे, कधी नाही. सापडलं नाही तर काका पुन्हा सांगत. ते कंटाळले नाहीत. एकदाही नाही.

एक दिवस ते बाजारातून आले आणि पिशवी ठेवत म्हणाले, "आज भाजीवाल्यानं माझ्या तोंडाला पानं पुसली."

"कुठली?" आक्कांनी विचारलं. "पालक असेल तर द्या इकडे, निवडते."

काका समजावायला बसणार, तेवढ्यात त्यांनी आक्कांच्या ओठाचा उजवा कोपरा पाहिला. तो थरथरत होता. डावा कोपरा अजून नीट हलत नव्हता, पण उजवा काम करत होता. काका खुर्चीत बसले आणि इतके हसले, की शेजारीण काय झालं ते बघायला आली.

वर्ष सरत आलं तेव्हा बोलकीबाई म्हणाली, आता कविता घेऊ. कवितेत जुना शर्ट दाखवत नाहीत, नवा पाहूनच ओळखायचा. तिनं एक कागद काढला आणि वाचला :

भिंती साऱ्या उभ्याच आहेत,
छप्परसुद्धा जागेवर;
काल बोलला एकच शब्द
आणि कोसळलं माझं घर.

"कुणाची?" आक्कांनी विचारलं.

"आहे एकीची," बोलकीबाई म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. आक्कांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"भिंती उभ्या. छप्पर जागेवर," आक्का स्वतःशी पुटपुटल्या. "मग कोसळलं काय?" त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "घरातून भिंती काढल्या, छप्पर काढलं, तर उरतं काय? भांडीकुंडी. तीही नाहीत यात. उरली माणसं." त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. "माणसांतलं काहीतरी पडलंय. शब्दानं पडलंय. घर..."

आणि त्यांचा चेहरा बदलला. मागे कधीतरी कानावर पडून गेलेलं एक वाक्य आता आत शिरत होतं. आई, माझं घर मोडलं गं. आणि त्यावर आपण काय बोललो? मालकाला सांग. "अगं बाई," आक्का म्हणाल्या. "मालक. तिनं मालक म्हणजे नवरा ऐकलं असणार. तिला वाटलं असेल, मी कोटी केली." त्या उठायला गेल्या, डाव्या पायानं साथ दिली नाही, बोलकीबाईनं सावरलं. "यांना बोलवा. फोन लावायचाय. आत्ता."

काकांनी तिथंच बाकावर बसून फोन लावून दिला.

"बोला बाबा," मुलगी म्हणाली.

"मी आहे," आक्का म्हणाल्या. "तू म्हणाली होतीस ना, घर मोडलं. ते मला आज ऐकू आलं."

त्या घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "मला तेव्हा कळतच नव्हतं गं. शब्द कळायचे, त्यांतलं काही कळायचं नाही. मला वाटलं, भिंत पडली. मी घरमालक म्हणाले."

"घरमालक?" मुलीचा आवाज फाटला. "आई, मला वाटलं तू टोमणा मारलास. तू नेहमी..." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं रडं सुरू झालं. आक्कांना दोन्ही वेगवेगळं ऐकू आलं.

मुलगी सुट्टी टाकून आली. ती खोली घेऊन एकटी राहत होती आणि हे आईवडिलांना सांगायचं कसं, या विचारात तिनं ते दिवस काढले होते. आक्का तिच्यासमोर बसल्या. पूर्वीच्या आक्का असत्या तर एखादी चपखल म्हण टाकून मोकळ्या झाल्या असत्या. आताच्या आक्कांनी विचारलं, "मोडलं म्हणजे काय झालं? मला नीट सांग. मला अजून सगळं एकदम कळत नाही."

"म्हणजे... आमचं फाटलं."

"काय फाटलं?"

मुलगी थबकली. तोवर तिनं मैत्रिणींना, ऑफिसातल्यांना हेच सांगितलं होतं, आमचं फाटलं, आमचं बिनसलं, आणि सगळ्यांनी मान डोलावून पुढे विचारायचं टाळलं होतं. काय फाटलं, असं कुणी विचारलं नव्हतं. मग तिला सांगावं लागलं. तो घरी आला, की टीव्ही लावायचा. ती बोलली, की आवाज वाढवायचा. एकदा ती तापानं फणफणली होती, तेव्हा पाण्याचा पेला त्यानं दारातच जमिनीवर ठेवला, आत आला नाही. ती सांगत गेली, आक्का मध्ये मध्ये विचारत गेल्या, आणि दुपार टळेपर्यंत मुलीला बोलता बोलता स्वतःलाच काही गोष्टी कळल्या. "आई," शेवटी ती म्हणाली, "इतकं कुणी ऐकलंच नव्हतं."

ते घर पुन्हा उभं राहिलं नाही. ते राहणारही नव्हतं. पण मुलगी माहेरी होती तोवर रोज संध्याकाळी आईला गोष्टी वाचून दाखवायची. आक्का मशीनजवळ बसून ऐकत आणि अडलं की हात वर करत. "थांब. नदी गप्प झाली म्हणजे? पाणी आटलं की काय?" मग दोघी मिळून शोधत. मुलीला आश्चर्य वाटायचं, की ज्या ओळींवरून आपण भरभर निघून जायचो, त्यांत एवढं काही भरून ठेवलेलं असतं. आणि आक्कांना वाटायचं, पूर्वी हे सगळं माझ्या मालकीचं होतं म्हणून मी ते उधळत होते. आता एकेक परत मिळतंय, तर हातात घेऊन बघावंसं वाटतं.

सगळं काही परत आलं नाही. उपरोध अजून निसटतो. दुकान दिवसातून थोडा वेळ उघडतं, डावा हात कापड धरतो पण टीप मधूनच वाकडी जाते. औषधवाला काही बोलला, की आक्का सरळ विचारतात, "हे खरं, का गंमत?" आणि तो न रागावता सांगतो, "गंमत, आक्का." कधी कधी तो सांगायच्या आत आक्काच हात वर करून त्याला थांबवतात आणि स्वतः ओळखतात. दर आठवड्याला त्या बोलकीबाईच्या खोलीत जातात, आता शिकायला नव्हे. नव्यानं आलेली माणसं कार्डांवरचे कावळे बघून रडकुंडीला येतात, तेव्हा आक्का त्यांच्या शेजारी बसतात आणि आपण चादरीखाली जिवाचं भांडं कसं शोधलं होतं, ते सांगतात. बोलकीबाईचा कोट त्यांनी खांद्यात बसवून दिला. तिनं पैसे काढले तर म्हणाल्या, "ठेव ते. तू माझं मला परत दिलंस, त्याचं माप कुठल्या टेपनं घेऊ?" बोलकीबाई हा प्रश्न अजून घोळवते आहे.

मुलगी परत निघाली त्या दिवशी दोघं तिला बसस्टँडवर सोडायला गेले. ऊन चांगलंच वर आलं होतं. बस सुटायला आली तशी मुलगी पायरीवरून वाकली आणि म्हणाली, "आई, अर्धा जीव इथंच ठेवून चाललेय."

"ठेव," आक्का म्हणाल्या. "सांभाळते मी. लागेल तेव्हा येऊन ने."

बस वळणाआड गेली. दोघं परत फिरले. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी आक्का एकदम थांबल्या.

"पाय दुखतोय का?" काकांनी विचारलं.

"नाही." आपण माप घ्यायला थांबलो नव्हतो, हे त्यांना आत्ता जाणवलं होतं. मुलगी बोलली आणि ते आपसूक आत पोचलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. नाकी नऊ आले, दार पाण्यात पाहतं, तोंडाला पानं पुसली. किती वाक्यं या माणसानं दाढीच्या फेसातून घोकली असतील. "अहो, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही होतात."

काकांनी आठवून पाहिलं. एकही वाक्प्रचार त्यांना आठवला नाही. त्यांनी आक्कांचा डावा हात आपल्या दंडात अडकवला आणि दोघं सावलीच्या बाजूनं चालू लागले.